पृथ्वीभोवती फिरून आलेली छत्री

मित्रांनो, मी एक जुनी हवाई छत्री आहे. तुम्ही मला पॅराशूट म्हणता. खरे सांगायचे तर मी पूर्ण छत्रीही नाही, निम्मीच उरले आहे. माझा केशरी रंग उन्हाने पिवळट झाला आहे, पांढऱ्या पट्ट्यांवर मेंढ्यांच्या खुरांचे डाग आहेत आणि एका कोपऱ्यात उंदरांनी आपले घर केले होते. तरीही मी ताठ मानेने बोलणार आहे. कारण या माळावर जेवढे म्हणून कापड आहे, त्यात पृथ्वीला प्रदक्षिणा घालून आलेली मी एकटीच.

माझा जन्म बर्च झाडांच्या गावातल्या एका शिवणघरात झाला. तिथे बायका नखे कापून, हात धुऊन, केस रुमालात बांधून कामाला बसत. मी इतकी मोठी होते की माझ्या सावलीत अख्ख्या लग्नाची पंगत बसली असती. मला शिवायला पुष्कळ हात लागले, पण माझी घडी घातली ती झोया मावशींनी. नाकावर घसरणारा चष्मा, जाड दंड आणि तोंडाने सतत काहीतरी पुटपुटणे, अशा त्या होत्या. लांबलचक टेबलावर मला पसरून त्या माझी एकेक चुणी हाताने सरळ करीत.

त्यांच्या हाताखाली वेरा नावाची एक तरुण बाई होती. ती एकदा कंटाळून म्हणाली, "मावशी, हिला उघडायचं ते एकदाच. एकदाच्या कामासाठी किती ते लाड!"

झोया मावशींनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले. "एकदाच उघडायचं म्हणूनच. रोजची छत्री आज नाही उघडली तर माणूस भिजतो, उद्या दुरुस्त करतो. ही नाही उघडली तर दुरुस्त कोण करणार, तू खाली उभी राहून?"

वेरा हसली, पण त्यानंतर तिचे हात सावकाश चालू लागले. मला दाबून, बांधून एका डब्यात बसवण्यात आले. तो डबा यानाच्या अंगात, माणसे बसतात त्या खोलीच्या भिंतीला लागून होता. भिंत पातळ होती. म्हणून मला दिसत काही नसले, तरी पलीकडचे बोलणे ऐकू येई.

त्या यानातून दोघेजण निघाले होते. एक अर्कादी, यानाचा प्रमुख, कमी बोलणारा, पिकल्या भुवयांचा. दुसरा इल्दार, जातीने तातार, वयाने लहान, जीभ मात्र घोड्यासारखी धावणारी. उड्डाणाच्या वेळी त्याचीही जीभ थांबली. खालून इंजिनांनी जी ढकलाढकली केली, त्यात माझ्या घड्या एकमेकींत रुतून बसल्या.

लोकांना वाटते, रॉकेट सरळ वर वर जाते. मित्रांनो, ही समजूत सोडून द्या. सुरुवातीला ते वर चढते ते दाट हवेतून बाहेर पडण्यासाठी. मग ते कलते आणि उरलेली बहुतेक धाव आडवी घेते. उंची गाठणे हे निम्म्याहून कमी काम, खरे काम असते आडवा वेग गाठण्याचे. एवढा वेग, की तोंडाने "एक" म्हणेपर्यंत आठ किलोमीटर मागे पडतात.

मग इंजिने एकदम बंद झाली. माझ्यावरचे सगळे ओझे उतरले. पलीकडे कुणाची तरी पेन्सिल भिंतीवर टकटक करीत तरंगू लागली.

"वजन गेलं!" इल्दार ओरडला. "अर्कादी पेत्रोविच, पृथ्वीनं आपल्याला सोडलं!"

"सोडलं असतं तर आपण नाकासमोर सरळ निघून गेलो असतो," अर्कादी म्हणाला. "मग तुझ्या आईनं दिलेली चकचक मिठाई तुला कायमची अंधारात खावी लागली असती. पृथ्वीनं धरून ठेवलंय म्हणून तर आपण वळतोय."

दुसऱ्या दिवशी खालच्या एका शाळेतली मुले रेडिओवरून त्यांच्याशी बोलली. एका मुलीने विचारले, "काका, तुम्ही पडत का नाही?"

इल्दार हसून म्हणाला, "कोण म्हणतं पडत नाही? कालपासून पडतोच आहे, अजून जमीन लागली नाही!"

खाली सगळा वर्ग हसला. मग त्याने नीट सांगितले, आणि ते मी तुम्हाला जसेच्या तसे सांगते, कारण इतक्या वर्षांत मला याहून सोपे कुणी सांगितलेले नाही.

"समजा, तू उंच डोंगरावर उभी आहेस आणि समोर दगड फेकलास. तो थोडा पुढं जाऊन पडेल. जोरानं फेकलास तर आणखी पुढं पडेल. पण पृथ्वी सपाट नाही ना, कलिंगडासारखी गोल आहे. दगड जसजसा लांब जातो, तसतशी जमीन त्याच्या खालून वाकत जाते. आता असा फेक, की दगड जेवढा खाली येईल तेवढीच जमीनही खाली वाकेल. मग काय होईल?"

"तो पडतच राहील!" मुलगी म्हणाली.

"आणि जमिनीला कधी लागणार नाही. फिरून तुझ्या पाठीमागून येईल, म्हणून डोकं खाली घाल! त्या दगडाच्या वाटेला कक्षा म्हणतात. आपला चंद्र असाच पडतोय. आम्ही असेच पडतोय. आणि यान, मी, माझी पेन्सिल सगळे एकाच वेगानं पडतोय, म्हणून कुणाचं वजन कुणाला कळत नाही. पृथ्वीची ओढ इथंही आहे, तुमच्यापेक्षा थोडीशीच कमी."

माझ्या अंधाऱ्या डब्यात मला फार बरे वाटले. मी पडण्यासाठी जन्मलेली छत्री. मला वाटत होते की माझे काम अगदी शेवटी येणार. पण पडणे तर पहिल्याच दिवशी सुरू झाले होते!

तिसऱ्या दिवशी आम्हाला अंतराळस्थानक गाठायचे होते. ते आमच्या पुढे, त्याच वाटेवर धावत होते. इल्दारला घाई झाली. "समोरच आहे. जरा वेग देऊ का? पकडू त्याला."

"दे," अर्कादी म्हणाला, "आणि मग बघ कसा मागं पडतोस ते."

"मागं? वेग वाढवून?"

"वेग वाढवलास की वाट फुगते, आपण वर चढतो. वरची वाट लांब आणि संथ. पुढच्याला गाठायचं तर आधी वेग कमी कर. खाली उतरशील. खालची वाट आखूड आणि वेगवान. तिथून पुढं सरक, मग बेतानं वर ये."

"हे कुठलं उलटं शास्त्र?"

"उलटं नाही. गोल आहे. जमिनीवरची सरळ रस्त्याची सवय सोड."

इल्दारने सवय सोडली. आम्ही खाली उतरलो, पुढे सरकलो, वर आलो आणि स्थानकाला असे अलगद चिकटलो की पेन्सिलसुद्धा हलली नाही. दोघे स्थानकात राहायला गेले. हिवाळ्याच्या सुरुवातीला आम्ही आलो होतो, तो हिवाळा संपत येईपर्यंत ते तिथे काम करीत राहिले. मी डब्यातच होते. यानाच्या एका बाजूला ऊन लागे, मग सावली, मग पुन्हा ऊन. दिवस-रात्रीचा तो लपंडाव मी निमूटपणे सोसला. मला उसवण्याची भीती वाटली नाही. माझ्या शिवणी कुणी घातल्या आहेत, ते मला ठाऊक होते.

शेवटी परतीची वेळ आली. आणि इथूनच माझ्या आयुष्याची खरी गोष्ट सुरू होते.

वरून खाली यायचे म्हणजे थांबायचे नसते, मित्रांनो. तसे थांबण्याइतके इंधन कुणाजवळच नसते. यान पाठमोरे करायचे आणि इंजिन थोडा वेळ उलट्या दिशेने लावायचे. शंभर भाग वेगातला दीड भाग काढून घेतला, एवढ्यानेच भागते. मग वाटेची पलीकडची बाजू खाली झुकते आणि हवेत शिरते. उरलेला वेग हवाच घासून घासून काढते. पण इंजिन कुठे लावायचे, याला फार महत्त्व. त्या दिवशी अर्कादीने कळ दाबली आणि इंजिन लागलेच नाही. त्याने लगेच दुसरी, राखीव व्यवस्था जोडली. मग इंजिन लागले आणि हवे तेवढे चाललेही, पण उशीर झाला होता. जमिनीवर एवढ्या उशिरात माणूस बुटाची नाडी बांधतो. वर तेवढ्यात एक जिल्हा मागे पडतो.

"कुठं उतरणार आपण?" इल्दारने विचारले.

"पूर्वेला. आपली वाट बघणाऱ्यांपासून बरंच पूर्वेला," अर्कादी म्हणाला. "माणसं आहेत तिथं. मेंढपाळ."

"आणि तिथलं हवामान?"

अर्कादीने आपले पट्टे करकचून आवळल्याचा आवाज आला. पुढे बाहेर आगीचा असा गडगडाट सुरू झाला की कुणाचेच उत्तर ऐकू आले नसते.

मग माझ्या डब्याचे झाकण उडाले. आधी माझ्या धाकट्या बहिणी, दोन लहान छत्र्या, बाहेर धावल्या आणि त्यांनी मला हाताला धरून ओढले. मी लांबसडक दोरीसारखी बाहेर आले. आणि मी उघडले! माझ्या एकेका पाकळीत हवा शिरली, दोर ताणले, शिवणींनी करकरा दात खाल्ले, पण एकही टाका सुटला नाही. खाली एवढे जड यान मी एका झटक्यात तोलले. त्या क्षणी मला कुणी राजवाड्याचे छत बनवतो म्हटले असते, तरी मी नाही म्हटले असते.

खाली पांढरा, सपाट माळ होता. सकाळ होती, पण सूर्य दिसत नव्हता. वारा जमिनीवरचे बर्फ उचलून धुरासारखे पळवीत होता. यान टेकले, त्याच्या तळातल्या लहान इंजिनांनी शेवटची फुंकर घातली आणि ते आडवे पडले.

इथे माझे काम संपायला हवे होते. यान टेकले की आतून एक कळ दाबायची, मला यानाशी बांधणाऱ्या दोन पट्ट्यांपैकी एक सुटतो आणि मी मुकाट्याने जमिनीवर निजते, अशी रीत आहे. अर्कादीने कळ दाबली. पण यान लोळताना माझ्या दोन्ही पट्ट्यांना एकमेकांचा पीळ बसला होता. सुटलेला पट्टा दुसऱ्यात अडकून राहिला. मी वाऱ्याने तशीच फुगलेली होते आणि यानाला बर्फावरून ओढत निघाले.

मित्रांनो, मला हवा धरायला शिकवले होते. सोडायला कुणी शिकवले नव्हते. ज्यांना वाचवण्यासाठी मी जन्मले, त्यांनाच मी फरफटत नेत होते, आणि वारा जिकडे नेत होता तिकडे माळ एकाएकी तुटला होता. खाली कोरड्या नदीची खोल घळ होती.

घळीच्या अलीकडे एक बाई घोडीवर बसून मेंढ्या वळवीत होती. तिचे नाव उल्मेकेन. तिचा नवरा घोड्यांच्या कळपामागे लांब गेला होता. बरोबर होता तो तिचा सासरा तोक्तारबाय, गवत वाहायच्या, बर्फावरून चालणाऱ्या घसरगाडीवर कातडी पांघरून बसलेला. त्याला ती 'अता', म्हणजे बाबा, म्हणे.

"पोरी," म्हातारा ओरडला, "कुणाचं छप्पर उडालं गं ते?"

"छप्पर नाही, अता. त्याच्यामागं काहीतरी काळं फरफटतंय."

"रॉकेटवाले असतील! यांना एवढा मोठा माळ दिलाय सरकारनं, तरी माझ्याच मेंढरांत येऊन पडतात. जा, बघ काय ते. आणि घळीकडं नको जाऊस, ऐकतेस का?"

उल्मेकेनने घोडी घळीकडेच पिटाळली. तिने पाहिले की काळ्या गोळ्यामागे धावून उपयोग नाही, त्याला ओढणाऱ्या कापडाला गाठले पाहिजे. उन्हाळ्यात वारा तंबूवरचा लोकरीचा नमदा उडवतो, तेव्हा ती काठ धरून तो वाऱ्यात उलटवते, मधोमध कधी धरत नाही. तिने मला वळसा घातला, लांब काठीला बांधलेला घोडे पकडायचा फास माझ्या खालच्या काठात अडकवला, दोर खोगिराला गुंडाळला आणि घोडीला टाच मारली.

घोडीने पहिल्यांदा मान टाकली. मी तिच्याहून बलवान होते. घोडी खुर रोवत मागे सरकू लागली. उल्मेकेन तिच्या कानाशी वाकून म्हणाली, "आजचा दिवस ओढ गं बाई, उद्या तुला कामाला लावणार नाही." घोडीने पुन्हा जोर केला. माझा काठ वर आला, पोटातली हवा एका बाजूने भस्सकन निघून गेली, आणि मी कुशीवर वळले. वळताना एका टोकदार खडकावर माझे अंग वरपासून खालपर्यंत फाटले. मला ते लागले. पण यान थांबले होते.

वारा पुन्हा माझ्याखाली शिरू पाहत होता. तेवढ्यात म्हातारा घसरगाडी घेऊन आला, तिच्यावरून उतरला आणि कातडीसकट माझ्यावर पालथा पडला.

"काप!" तो ओरडला. "मी निजलोय हिच्यावर. उडालो तर दोघं उडू!"

उल्मेकेनने बुटातली सुरी काढली आणि पट्ट्याला लावली. तो पट्टा काही मटणाची शीर नव्हती. ती दात ओठ खाऊन घासत राहिली. शेवटचा धागा तुटला, तेव्हा मी एकदम हलकी झाले. घळीचा काठ यानापासून एका घोड्याच्या लांबीवर होता.

यानाच्या आतून कुणीतरी भिंतीवर ठोकले. तातार बोलीतला, उल्मेकेनला सहज कळेल असा आवाज आला, "कुणी आहे का? माणूस आहे का बाहेर?"

"माणूस नाही तर काय मेंढरू बोलणार तुमच्याशी?" उल्मेकेन धापा टाकत म्हणाली. "दार कुठून उघडतं ते सांगा!"

अर्कादीच्या खांद्याचे हाड मोडले होते. इल्दार धड होता, पण कितीतरी महिने वजनाशिवाय राहिल्यामुळे त्याला मान धरवत नव्हती. दोघांना गवताच्या घसरगाडीवर निजवले. पांघरूण म्हणून माझाच एक पदर घातला, आणि मलाही गुंडाळून बरोबर घेतले.

हिवाळी घरात चूल पेटली होती. उल्मेकेनने अर्कादीचा हात गळ्यात बांधला, दुधाचा चहा केला आणि वाटी इल्दारच्या ओठांना लावली. इल्दारने वाटी हातात घेतली, सवयीने हवेत सोडली आणि ती फुटली.

"झालं!" तोक्तारबाय म्हणाला. "वरून आले आणि पहिलं काम काय, तर भांडी फोडली."

"माफ करा, अता. वर सोडलेली वस्तू तिथंच राहायची."

"तिथंच? वर काय खुंटी आहे लटकवायला?"

"खुंटी नाही. आम्ही तिथं थांबलेलोच नव्हतो, फिरत होतो. तुम्ही शिंगराला लांब दोर बांधून खुंट्याभोवती पळवता ना? त्याला सरळ पळायचं असतं, दोर आत ओढतो. दोन्हींच्या ओढाताणीत ते गोल फिरतं. आमचा खुंटा पृथ्वी."

म्हातारा विचारात पडला. मग म्हणाला, "शिंगराची मान दोरानं आवळते. तू तर म्हणतोस वर काही जाणवत नाही."

इल्दारने अर्कादीकडे पाहिले. अर्कादीला एवढ्या दुखण्यातही हसू आले. "बरोबर धरलं म्हाताऱ्यानं," तो म्हणाला, आणि इल्दारने ते उलगडून सांगितले. "दोर फक्त मानेला धरतो, अता, म्हणून काचतो. पृथ्वी आम्हाला केसापासून नखापर्यंत सगळीकडे सारखंच धरते. मग काचणार कुठं?"

"म्हणजे आईनं उचलावं तसं."

"तसंच."

"आणि खाली यायचं असलं की?"

"शिंगराचा वेग जरा कमी करायचा."

"जरा कमी केलात म्हणून माझ्या दारात आलात होय! आणखी जरा गडबड केली असती तर चीनमध्ये चहा पिला असता." म्हातारा सुनेकडे वळला. "पोरी, यांना मटण घाल. पाहुणे एवढा लांबचा फेरा मारून आलेत."

वारा पडल्यावर हेलिकॉप्टर आले. त्यातल्या एका अधिकाऱ्याने यान ताब्यात घेतले आणि माझ्याकडे बोट दाखवले. फाटून माझे दोन तुकडे झाले होते. अर्कादीला उचलून नेत होते, तो वाटेतच थांबा म्हणाला.

"निम्मी घेऊन जा तपासायला," तो म्हणाला. "निम्मी या घरात राहील."

"नियमात बसत नाही," अधिकारी म्हणाला.

"ही बाई घळीच्या काठावर गेली, ते कुठल्या नियमात बसतं?"

अधिकाऱ्याने उल्मेकेनच्या सुजलेल्या हातांकडे पाहिले. मग तो टोपी सारखी करत म्हणाला, "वारा फार होता. निम्मी वाऱ्यानं नेली, असं समजू."

अशी मी या माळावर राहिले. ती वर्षे फार थाटाची होती. उन्हाळ्यात तंबूवर मी असे, आणि माझ्याखाली बसलेल्या माणसांचे चेहरे केशरी होत. लांबलांबचे लोक घोडे बांधून मला हात लावायला येत. पहिल्यांदा काही बायका म्हणाल्या, आकाशातले कापड घरात नको. तोक्तारबाय त्यांना म्हणे, "पाऊस कुठला असतो मग? तोही बाहेर ओता." उल्मेकेनची मुलगी रायखान शहरातल्या शाळेत राहत असे. पुढे तिचे लग्न झाले, तेव्हा मांडव माझाच होता, आणि इल्दार खास त्यासाठी आला. तो आता सरळ उभा राहत होता. येताना त्याने चहाच्या वाट्यांचा अख्खा संच आणला. म्हाताऱ्याने एकेक वाटी वाजवून पाहिली आणि मगच त्याला मिठी मारली.

पण कौतुकाला वय असते. म्हातारा गेला. उल्मेकेनच्या नवऱ्याने पक्के घर बांधले, तंबू उभारणे कमी झाले. आधी मला गवताच्या गंजीवर टाकले, मग गाडीच्या इंजिनावर थंडी लागू नये म्हणून घातले, मग मेंढ्यांच्या वाड्याचे भोक बुजवायला कोंबले. तिथे मी किती हिवाळे काढले, ते मोजले नाहीत. मेंढ्या माझ्यावर निजत. त्यांचा मला राग नाही, त्यांना ऊब हवी होती. वाईट एवढेच वाटे की येणारा-जाणारा मला चिंधी म्हणे. मी कोण आहे हे मला माहीत होते, पण मला तोंड नव्हते.

मग एका शरद ऋतूत रायखान परत आली. ती आता जवळच्या गावातल्या शाळेत शिक्षिका झाली होती. तिने दारातूनच विचारले, "आई, अर्कादीकाकांचं कापड कुठाय?"

"मेंढरांकडं," उल्मेकेन म्हणाली. "कशाला? वास मारतंय ते."

"मुलांना कक्षा शिकवायचीय. फळ्यावर गोल काढला तर मुलं म्हणतात, हा तर शून्य झाला!"

मायलेकींनी मला विहिरीवर धुतले. उल्मेकेनचे केस पांढरे झाले होते, पण मला पिळताना तिच्या हातात तीच ताकद होती. संध्याकाळी तिने माझी भोके शिवली आणि तोंडाने कुरकुर चालू ठेवली, "वाचवलं मी हिच्यापासून माणसांना, आणि आता हिलाच ठिगळं लावतेय."

शाळेच्या पटांगणात मुलांनी मला दुमडून लहान केले आणि चारी बाजूंनी धरून ताणले. कितीतरी वर्षांनी माझे अंग सैल पडलेले नव्हते. रायखानने मधोमध एक मोठे कलिंगड ठेवले. माझ्यात खळगा पडला.

"हे कलिंगड म्हणजे पृथ्वी," ती म्हणाली. "खरं आकाश कापडाचं नसतं, पण ओढ कशी असते ते यावरून कळेल. आता कुर्त कुणाकडे आहे?"

कुर्त म्हणजे वाळवलेल्या दह्याचे कडक गोळे. या माळावर असे एकही मूल नाही ज्याच्या खिशात ते नाहीत. तोगझान नावाच्या मुलीने एक गोळा कलिंगडाकडे सरळ टाकला. तो जाऊन आपटला.

"आता बाजूनं टाक. आडवा."

तिने आडवा टाकला. गोळा कलिंगडाभोवती वळला, पुन्हा वळला, आणि मुलांनी एकच आरडाओरड केली. हळूहळू तो आत आत येत कलिंगडाला टेकला.

"आपाय, का थांबला तो?" तोगझानने बाईंना विचारले.

"कापडाशी घासून त्याचा वेग गेला. वर फार उंच घासायला काही नाही, म्हणून तिथलं वर्षानुवर्षं फिरत राहतं. थोडं खाली विरळ हवा असते, तिथलं असंच हळूहळू आत येतं आणि जळून जातं."

एर्नार नावाच्या दांडगट मुलाला धीर निघेना. "मग मी पण टाकतो!" त्याने खिसाभर कुर्त एकदम भिरकावले. ते पाहून सगळ्यांनी खिसे उलटे केले. क्षणभर माझ्यावर गोळ्यांची गर्दी गरगर फिरली. मग एक दुसऱ्यावर आपटला. त्याचे तुकडे उडाले. ते तुकडे तिसऱ्याला, चौथ्याला लागले. बघता बघता एकही गोळा नीट फिरेनासा झाला. तोगझानने पुन्हा एक चांगला, गोल गोळा आडवा सोडला. तो अर्ध्या वाटेतच तुकड्यांना धडकून बाहेर उडाला.

 तोगझान म्हणाली, "वर पण असं होतं?"

"होऊ लागलंय," रायखान म्हणाली. "बंद पडलेली यानं, त्यांचे तुकडे, सुटलेले खिळे. बंदुकीच्या गोळीहूनही जोरानं फिरतायत. माणसं राहतात त्या स्थानकालासुद्धा कधीकधी वाट बदलावी लागते."

"मग ते उचलायचे कुणी?"

 एर्नारने मान खाली घातली, माझा काठ शेजारच्याच्या हातात दिला आणि चारही पायांवर माझ्यावर रांगत तुकडे वेचू लागला.

"बूट काढ!" बाकीची मुले ओरडली. "फाटेल ते!"

त्याने बूट काढले. मग बाकीचीही वेचू लागली. माझ्यावर वाकून हात पोहोचत होता, म्हणून ते जमले. वरच्या त्या वाटांवर वाकणारे कुणी नाही, मित्रांनो. तिथे सोडलेली वस्तू वर्षानुवर्षे आपणहून थांबत नाही, थकत नाही, वाट सोडत नाही. मी त्या वाटेने जाऊन आले आहे, म्हणून सांगते. आकाश खूप मोठे आहे, पण पृथ्वीजवळच्या चांगल्या वाटा थोड्याच आहेत आणि त्या तुम्हालाही लागणार आहेत.

तुमच्यातला कुणीतरी उद्या वर काही पाठवील, याची मला खात्री आहे. जरूर पाठवा. आडवा वेग द्या, पृथ्वीच्या ओढीवर भरवसा ठेवा, ती कुणाला फसवत नाही. फक्त निघण्याआधी त्याच्या परतीची छत्री शिवून ठेवा.